खरं तेवढंच सांगणाऱ्या फ्लोराताई

बातमी आली तेव्हा मी ईलिंग रोडवरच्या भाजीच्या दुकानात मेथीच्या जुडीवरून वाद घालत होते. पानं पिवळी पडलेली आणि दुकानदार मलाच सांगतोय, "आंटी, एकदम फ्रेश है." तेवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. एरवी तो वाजायचा थांबेपर्यंत मला सापडत नाही. त्या दिवशी कसा कोण जाणे, लगेच हाताला लागला. पलीकडे जूडिथ होती, फ्लोराताईंची मुलगी. एकेक शब्द जपून जागेवर ठेवावा तशी ती म्हणाली, "सुमन आंटी... आई गेली. सकाळी. झोपेत."

फ्लोराताई जाणार हे आम्हाला कळून चुकलं होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. पण जूडिथने ते मराठीत सांगितलं! लंडनमध्ये जन्मलेली, चाळिशी ओलांडलेली, लंडनजवळच्या रीडिंग गावातल्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात माणसांना कामाला लावणारी ही मुलगी. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिला 'पाणी' आणि 'चल' यापलीकडे मराठीचा शब्द येत नव्हता. मी मेथी तिथेच टाकली आणि बाहेर फुटपाथवर येऊन उभी राहिले. साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, शनिवारची गर्दी, सगळं जरासं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. मला रडायला वेळ लागतो, चिडायला लागत नाही. म्हणून आधी चिडलेच. म्हटलं, अहो फ्लोराताई, आता मी या गावात मराठीत भांडायचं तरी कुणाशी?

आमची ओळखसुद्धा माझ्या तोंडामुळेच झाली. आम्ही पुण्याहून वेम्बलीला येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बस स्टॉपवर मी भिजत उभी, बस आली, ड्रायव्हरने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि निघून गेला. मी म्हणाले, "मेल्या, डोळे फुटले का तुझे?" मोठ्याने म्हणाले, कारण इथे कुणाला कळणार होतं? तर मागून आवाज आला, "पुण्याच्या का हो तुम्ही?" वळून बघते तो राखाडी कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात चष्म्याची दोरी, अशी एक छोटीशी बाई. मी तिला इतके दिवस त्याच स्टॉपवर बघत होते आणि इटालियन असेल, पोर्तुगीज असेल असं काहीतरी समजत होते. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "शिवीसुद्धा इतकी शुद्ध दुसरं कोण देणार?"

पुढची बस येईपर्यंत मी उशीर झाल्याचा जप चालवला होता. वेळ विकत मिळत असती तर किती बरं झालं असतं, असं काहीतरी मी पुटपुटले. फ्लोराताई एकदम माझ्याकडे वळल्या. "मिळायची की! याच लंडनमध्ये." आणि त्या पावसात, त्या गळक्या छपराखाली त्यांनी मला गोष्ट सांगितली. एक बाई होती. खिशातलं एक जुनं, अगदी नेमकं घड्याळ घेऊन ती ग्रिनिचच्या वेधशाळेत जायची, तिथल्या घड्याळाशी ते ताडून घ्यायची, आणि मग लंडनभर पायी फिरून घड्याळजींना, दुकानदारांना ती बरोबर वेळ दाखवायची. त्याचे पैसे घ्यायची. वडिलांचा धंदा, आईने चालवला, मग हिने. ती त्या घड्याळाला माणसासारखी नावाने हाक मारायची. तारायंत्र आलं, रेडिओ आला, तरी म्हातारी होईपर्यंत ती वेळ विकत हिंडत होती. मी हसले. म्हटलं, "काहीतरी थापा मारू नका हो." त्यांचा चेहरा उतरला. "मी थापा नाही मारत," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगायला हवं? खरंच इतकं विचित्र असतं."

पुढे मला कळलं की हाच त्यांचा बाणा. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी रीडिंगला, आणि त्या स्वतः कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत काउंटरवर काम करून निवृत्त झालेल्या. लोकांनी परत केलेली पुस्तकं फडताळात लावण्याआधी त्या उभ्या उभ्या उघडून बघायच्या आणि त्यातली एखादी नवलाची गोष्ट उचलून घरी आणायच्या. भुताखेताची नाही, चमत्काराची नाही. खरी घडलेली, तपासून घेतलेली. जे पुस्तकात पक्कं आहे ते "खरं सांगते" म्हणून सांगायच्या आणि ज्याला पुरावा नाही त्याच्या आधी "असं आमच्यात सांगतात" हे शब्द लावल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. एवढी शिस्त मी आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडमच्यातही बघितली नव्हती.

त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या किचनला एक रुंद खिडकी होती. दुपारी आमचे हे टीव्हीसमोर पेंगायला लागले की मी तिकडे जायची. फ्लोराताई चहात आलं इतकं ठेचून घालायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. खिडकीतून स्टेडियमचं काम दिसायचं. जुन्या स्टेडियमचे ते दोन पांढरे मनोरे पाडून झाले होते आणि नवी भलीमोठी पोलादी कमान हळूहळू उभी राहत होती. धुक्याच्या दिवशी तिचा खालचा भाग नाहीसा व्हायचा आणि वरचा तेवढा हवेत तरंगायचा. "सुमन, तुला माहितेय," एके दिवशी त्या म्हणाल्या, "तिथे खाली एक मनोरा पुरलाय." झालं, सुरू! पॅरिसने आयफेल टॉवर बांधला तेव्हा इथल्या एका रेल्वेवाल्या बड्या माणसाचं डोकं फिरलं. म्हणाला, आपला त्याहून उंच हवा. पहिला मजला झाला, लोक तिकिटं काढून बघायला आले, आणि मग जमीन खचायला लागली, पैसा आटला. शेवटी सुरुंग लावून पाडला. त्याच जागेवर पुढे स्टेडियम आलं. आणि आता नव्यासाठी खोदताना त्या मनोऱ्याचा पाया पुन्हा लागला. "म्हणजे बघ," त्या कपातला चहा ढवळत राहिल्या, "एवढे लोक इतकी वर्षं तिथे बसून ओरडत होते, आणि खाली तो बिचारा गप्प पडून होता..." अशा वेळी त्यांचा आवाज इतका खाली यायचा की मला झोप लागतेय की मी जागी आहे ते कळायचं नाही. धुकं, आल्याचा वास आणि जमिनीखालचा मनोरा. मी घरी जाऊन आमच्या यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुम्ही दोघी चहात काय घालता?"

दुसऱ्या एका दुपारी त्यांनी करकोच्याची गोष्ट सांगितली. पूर्वी युरोपातल्या लोकांना थंडीत पक्षी कुठे नाहीसे होतात ते ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं तळ्याच्या तळाशी चिखलात झोपतात. एका विद्वानाने तर चंद्रावर जातात असं लिहून ठेवलं होतं. मग एका वसंतात जर्मनीत एक करकोचा परत आला, तर त्याच्या मानेत आरपार भाला. लांबलचक, आफ्रिकेतला. तो तसाच, मानेत भाला घेऊन, एवढा समुद्र ओलांडून घरट्याशी आला होता. तेव्हा कुठे लोकांना कळलं की पक्षी जातात कुठे. मी म्हटलं, अरे देवा, आणि मग त्याचं काय झालं? "मारला," फ्लोराताई म्हणाल्या. "पेंढा भरून ठेवलाय. अजून आहे." मी इतकी संतापले की बशी आपटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बशी लग्नातली आहे."

पण मी खरी थक्क झाले ती त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा. फ्लोराताई अलिबागकडच्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. वाचकांपैकी काहींना हे ठाऊक असेल, मला लाज वाटण्याइतकं थोडं ठाऊक होतं. "असं आमच्यात सांगतात," त्यांनी सुरुवात केली, "की नवगावच्या किनाऱ्यापाशी आमचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या, कपडे, सगळं समुद्रात गेलं." मग हे लोक गावात राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले, साडी नेसू लागले, मराठी बोलू लागले. आपण कोण हे जवळजवळ विसरले. उरलं काय? एका प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द. आणि शनिवारी घाणा बंद. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढे फार काळाने एक परदेशी ज्यू त्या बाजूला आला. त्याला शंका आली, म्हणून त्याने बायकांसमोर सगळ्या जातींची मासळी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी काही न बोलता खवलं आणि पर नसलेले मासे बाजूला सारले. का, ते त्यांना सांगता येईना. आमच्यात नाही खात, एवढंच. "डोकं विसरलं होतं," फ्लोराताई म्हणाल्या, "हातांना आठवत होतं." अलिबागजवळ एका खडकावर रथाच्या चाकाची खूण आहे. त्यांचा पैगंबर एलियाहू हनाबी तिथून स्वर्गात गेला असं मानतात. लहानपणी त्या खुणेत हात घालून बघितल्याचं त्या सांगायच्या. दगड दुपारी ऊन लागून इतका तापलेला असायचा की रथ आत्ताच गेला असं वाटायचं म्हणे.

त्याच एलियाहू हनाबीच्या नावाने हे लोक मलिदा करतात. नवस फेडायला, लग्नाआधी, घर बदलताना, लांबच्या प्रवासाला निघताना. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेला नारळ, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळं रचलेलं ताट. फ्लोराताई बोटीने लंडनला यायला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने केला होता. एकदा त्यांनी मला मलिद्याला बोलावलं. मी रेशमी साडी नेसून गेले, ताट बघून हात जोडले, आणि सवयीने विचारलं, "आरती कधी?" जमलेली चार म्हातारी माणसं माझ्याकडे बघतच राहिली. फ्लोराताईंना हसू आवरेना. "बस गं पुणेकर," त्या म्हणाल्या, "आरती नाही, पण प्रसाद चांगला मिळेल." हिब्रूत प्रार्थना झाली, मराठीत एक कीर्तन झालं. वेम्बलीच्या फ्लॅटमध्ये, सेंट्रल हीटिंगच्या उबेत, ते मराठी शब्द, ती चाल... मला कितीतरी वेळ आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी जूडिथला मी पहिल्यांदा नीट बघितलं. अंगातला कोट न काढता ती दाराशी उभी होती, गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून अस्वस्थ. आई मराठीत काही म्हणाली की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही अंदाजाने. ती गेल्यावर मी विचारलं, का हो, मुलीला मराठी कशी शिकवली नाहीत? फ्लोराताई ताट पुसत होत्या. "तिच्या टीचरनी सांगितलं होतं, घरात इंग्लिशच बोला, नाहीतर मुलगी कन्फ्यूज होईल. आम्ही नवे होतो, ऐकलं. मी लायब्ररीत काम करणारी बाई, दुसऱ्या कुठल्या पुस्तकात बघायचं तरी सुचायला हवं होतं." मग म्हणाल्या, "ती माझ्यावर प्रेम करते गं. पण माझ्या गोष्टी तिला इंग्लिशमध्ये ऐकायला लागतात, आणि इंग्लिशमध्ये मी कंटाळवाणी आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. पहिले काही दिवस बोलणंच नव्हतं. मग बोलणं आलं, पण इंग्रजी आलं नाही. ज्या भाषेत काउंटर सांभाळला, लंडनात पन्नास वर्षं काढली, ती जणू कुणी पुसून टाकली. आली ती मराठी, तीही अलिबागची, लहानपणची, "चल बग" आणि "काय करतंस" वाली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते, पहिली राहते. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की ही गोष्ट फ्लोराताईंना सांगायला हवी! आयुष्यभर जगातल्या नवलाच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी स्वतःच एक होऊन बसल्या. मी त्यांना खरंच सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरं?"

जूडिथने मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. एरवी ताठ चालणारी मुलगी भिंतीला टेकून उभी होती. "सुमन आंटी, शी इज टॉकिंग टू मी. ऑल द टाइम. अँड आय डोन्ट अंडरस्टँड. आय डोन्ट नो व्हॉट माय ओन मदर इज सेइंग." डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पुढचा झटका कधीही येऊ शकतो. "शी माइट बी सेइंग गुडबाय," ती म्हणाली, "अँड आयम जस्ट नॉडिंग." आईचं बोलणं एकदा तरी आपलं आपल्याला कळावं, मध्ये कुणी नसताना, आणि ते आई असेपर्यंत. एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, रडू नकोस, मी आहे ना.

मग मी दुभाषी झाले. संध्याकाळी वॉर्डात जायचं, पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ऑफिस सुटल्यावर एम-फोर हायवेवरून गाडी मारत आलेली जूडिथ. फ्लोराताई बोलायच्या, मी इंग्रजीत सांगायची. कधी त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ही पोरगी बारीक झाली, जेवते का?" आणि मी ते सांगितलं की जूडिथ हसायची, पण ते हसू आधी माझ्याकडे यायचं आणि मग आईकडे जायचं. मला ते बरं वाटेना. म्हणून मी तिला कॅसेट करून दिली. माझ्या आवाजात, गाडीत लावायला. आई, कशी आहेस? काय हवंय? दुखतंय का? कमी आहे का जास्त? मी इथेच आहे. जूडिथ सांगायची की ती ट्रॅफिकमध्ये अडकली की खिडक्या बंद करून माझ्यामागून म्हणते आणि शेजारच्या गाडीतले लोक बघतात. एका संध्याकाळी ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, दुखतोय का?" फ्लोराताईंनी डोळे उघडले, मुलीकडे बघितलं, आणि कितीतरी वेळ बघतच राहिल्या.

पण भाषा दोन्ही बाजूंनी जवळ येईल असं थोडंच असतं. जूडिथचे शब्द वाढत होते तसे फ्लोराताईंचे कमी होत चालले. पानगळीच्या सुमाराला एकच शब्द वारंवार यायला लागला. "पोहे." आणि कधी, "भिजव." सोबत त्या डाव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासत राहायच्या, सारखी, तासन्तास, झोपेतसुद्धा. नर्सेस म्हणाल्या ही बेचैनी आहे, अशा पेशंट्सना होते. त्यांनी हातात धरायला लोकरीचा एक गोळा दिला. फ्लोराताईंनी तो बाजूला सारला.

जूडिथने विचारलं, काय म्हणते? मी छातीठोकपणे सांगितलं, "पोहे मागतायत. हॉस्पिटलचं खाऊन कंटाळल्या असतील." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी कांदेपोहे केले. मऊसूत, मिरची नाही, वरून कोथिंबीर, लिंबू, डबा टॉवेलात गुंडाळून गरम गरम घेऊन गेले. फ्लोराताईंनी तोंड घट्ट मिटलं. मी म्हटलं, अहो पोहे, तुम्हीच मागितलेत ना? त्यांनी अशी मान फिरवली की जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. मी रागावून निम्मे पोहे सिस्टरला देऊन टाकले. सिस्टर आयर्लंडची. तिला फार आवडले.

जूडिथचं पोह्यांकडे लक्ष नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत होती. वॉर्डात त्या वेळी तिरपं ऊन यायचं, पडद्यांवर, पाण्याच्या जगवर, आणि त्या उन्हात ती बोटं चाललेली, अंगठा पुढे, अंगठा मागे... "शी इज नॉट रेस्टलेस," जूडिथ हळूच म्हणाली. मग उभी राहिली. "आंटी, मी लहान होते ना, सिंकच्या इथे स्टूलवर उभी राहायची. शी यूज्ड टू डू धिस. पाण्यातून काढून, एक दाणा... टु सी इफ इट्स सॉफ्ट." तिने स्वतःचा उजवा हात वर केला आणि बोटं अंगठ्यावर घासली. अगदी तशीच. "कांद्याचा नाही, आंटी. ते गोड. प्लेटवाला."

मी खुर्चीवर बसले. मलिदा! सगळी मराठी माझ्याकडे, आणि कळलं कुणाला, तर जिला येत नाही तिला. पुण्याच्या बाईला पोहे म्हटलं की कढईच दिसणार, त्यापलीकडे आमची उडी नाही. मग हळूहळू दुसरंही ध्यानात आलं. मलिदा लांबच्या प्रवासाला निघताना करतात. मी ते जूडिथला सांगितलं नाही. पण तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, तेही तिला कळलं.

पुढच्या रविवारी दुपारी जूडिथ मलिद्याचं ताट घेऊन आली. आईच्या फ्लॅटवर एकटीने केला होता, कुणाला विचारलं नव्हतं. मी करू का म्हटलं तर नाही म्हणाली. बदाम-पिस्ते घातले नव्हते, घशात अडकतील म्हणून. मधे पोह्यांचा ढीग, भोवती केळी, खजूर, सफरचंद, संत्री आणि मार्केटमधून आणलेला एक गुलाब. आयरिश सिस्टरने पोहे चिमटीत धरून दाबून बघितले, म्हणाली, अगदी थोडं द्या. जूडिथने ताट पलंगाच्या टेबलावर ठेवलं. फ्लोराताईंनी डोळे उघडले. डावा हात हळूहळू वर आला, ताटात गेला, आणि त्यांनी पोहे कालवले. बोटांनी एक दाणा उचलून अंगठ्याखाली दाबला. जूडिथ बोटं चावत उभी होती, निकालाच्या दिवशी पोरं असतात तशी. मग फ्लोराताईंनी चिमूटभर तोंडात घातलं, डोळे मिटून चघळलं, आणि मुलीकडे बघून, कितीतरी दिवसांनी एक अख्खं वाक्य बोलल्या.

जूडिथ ढसाढसा रडायला लागली. मी सवयीने पुढे झाले, सांगायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं. "नको आंटी," ती म्हणाली. "नको सांगू. कळला मला."

मी कोट उचलला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसले. मशीनमधून चहा घेतला. तो प्यायच्या लायकीचा नव्हता, तरी प्यायले. आणि तिथे मला रडू आलं, कारण फ्लोराताईंनी काय म्हटलं ते मला माहीत होतं. त्या म्हणाल्या होत्या, "साखर कमी पडली गं." बस, एवढंच. आशीर्वाद नाही, निरोप नाही. आणि ती पोर आत आईच्या हातावर डोकं टेकून रडत होती. 'साखर' हा शब्द मी कॅसेटमध्ये घातलाच नव्हता. मला वाटलं, तिने आपल्या मनाने काहीतरी मोठं ऐकलं असणार, जन्मभर पुरेल असं. म्हटलं, असू दे. फ्लोराताईंना चाललं नसतं, त्यांना खरं तेच लागायचं. पण मी फ्लोराताई नाही. मी ते माझ्यापाशीच ठेवायचं ठरवलं.

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. बोटं मात्र थांबली. हात शांत पडून असायचा, बहुतेक जूडिथच्या हातात. आणि एका शनिवारी सकाळी झोपेतच गेल्या.

दफन दुसऱ्या दिवशी झालं. मग जूडिथ सात दिवस घरात खाली बसली, त्यांच्या रीतीप्रमाणे, आरशांवर चादरी घातलेल्या. येणारे लोक इंग्रजीत बोलायचे आणि फार चांगलं बोलायचे. मी कोपऱ्यात बसून असायची. महिना झाल्यावर तिने मला आईच्या फ्लॅटवर बोलावलं. फ्लॅट आता कौन्सिलला परत द्यायचा होता, खोकी भरून झाली होती, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. मागच्या मलिद्याची तीच म्हातारी माणसं आली होती, चारातली आता तीन. हिब्रूत प्रार्थना झाली. टेबलावर जूडिथने केलेला मलिदा होता, या वेळी बदाम-पिस्ते घातलेला. तिने सगळ्यांना वाढला आणि शेवटी माझ्यासमोर बशी धरली. मी घास तोंडात घातला आणि थांबले.

जूडिथ माझ्याकडे बघत होती. "आई बोलली होती ना, साखर कमी," ती म्हणाली. "लहानपणी पण असाच बोलायची. प्रत्येक टाइम. म्हणून आज जास्त टाकला. आता बरोबर आहे?"

मी आणखी एक घास घेतला. तिने पुन्हा विचारलं. मी मान हलवली. साखर अगदी बरोबर होती.